हात सोडायची विद्या

माझी निम्मी हयात माडांवर आणि पोफळींवर गेली. पण हल्ली वांदरांनी झाडावर नारळ ठेवले तर आम्ही काढायचे ना! कामं कमी झाली तशी बायकोने तिच्या धाकट्या भावाला गळ घातली. तो पूर्वी जहाजावर होता. आता रत्नागिरीत दोराला लटकून उंच इमारतींच्या भिंती रंगवायची कामं घेतो. "ह्यांना बरोबर घे, पण सांभाळ हो," असं ती त्याला माझ्यादेखत म्हणाली. मला रागच आला. जन्मभर झाडावर चढलेल्या माणसाला हा काल आलेला पोरगा सांभाळणार?

मेहुण्याने मला आधी इमारतीवर नेलंच नाही. हातखंब्याकडे एक बंद पडलेली चिरेखाण आहे, तिच्या कड्यावरून उतरायला लावलं. कमरेच्या पट्ट्याला एक यंत्र अडकवलेलं असतं, त्याला डिसेंडर म्हणतात. दोर त्याच्या पोटातून जातो. दांडी हळू ओढली की माणूस खाली सरकतो, सोडली की जागच्या जागी थांबतो. दुसरा हात यंत्राखालच्या दोरावर ठेवायचा. शिवाय शेजारी दुसरा दोर असतो आणि त्यावर आपल्या पट्ट्याला जोडलेला एक वेगळा चिमटा. माणूस पडायला लागला तर तो आपोआप आवळतो.

"फक्त घाबरून त्या चिमट्याला मूठ मारू नका, भावजी," मेहुणा बजावायचा. "मुठीत धरलात तर तो आवळणार कसा? काय झालं तरी दांडी सोडायची."

रोज सुरुवातीला तो मला जमिनीपासून वीतभर वर लटकवायचा, दोर उलटा तर ओवला नाही ना ते बघायचा आणि दांडी सोडायला सांगायचा. मी वैतागून म्हणायचो, "तुझ्या ताईने लग्नाआधी मला एवढं तपासलं नव्हतं रे!" तो हसायचा, पण तपासायचं सोडायचा नाही.

पटत होतं मला सगळं. पण माडावर पाय सटकला तर हाताला येईल ते कवटाळायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. डोक्याला कळलेलं हातांना कधी कळणार?

दिवाळीनंतर आम्ही एका इमारतीच्या मागच्या भिंतीवर होतो. पावसाळ्यातलं शेवाळ अजून तसंच होतं. त्यावरून माझे दोन्ही पाय सटकले, मी भिंतीवर आपटलो आणि हातांनी त्यांना ठाऊक होतं तेच केलं. उजव्या हाताने दांडी खेचून आवळली, डाव्याने चिमटा. आणि मी सुसाट खाली जायला लागलो. जसा खाली जातोय तसा आणखी घट्ट धरतोय.

"भावजी, दांडी सोडा! भावजी, सोडा वो!" शेजारच्या दोरावरून मेहुणा ओरडत होता. मला ऐकू येत होतं. पण पडणाऱ्याला हात सोड म्हणणारा माणूस वैरीच वाटतो. मी सोडली नाही.

"सोड गाढवा!"

सख्खा मेहुणा मला गाढव म्हणतो? तेही खालच्या रंगाऱ्यांसमोर, भर दुपारी? माझं डोकं असं भडकलं की मी त्याच्यावर हात उगारला. उजवाच. दांडी सुटली, यंत्राने दोर धरला आणि मी हिसका बसून थांबलो. खालची फरशी बरीच जवळ आली होती.

पुढे सावकाश, शिकवल्याप्रमाणे खाली उतरलो. रागावणं माझ्या स्वभावातच आहे. मेहुण्याला काय काय सुनावायचं ते उतरतानाच मी मनात जुळवून ठेवलं होतं.

तो माझ्यामागून उतरला आणि रंगाच्या डब्यावर मटकन बसला. पट्ट्याचं बक्कल सोडवायला गेला, तर तीनदा खटपट करूनही ते सुटेना. "चुकलं, भावजी. तोंडातून गेलं," म्हणाला. मी काही बोलणार तेवढ्यात त्याचा बांध फुटला. "ताईकडे कुठच्या तोंडाने गेलो असतो वो मी?"

जुळवून ठेवलेलं सगळं मी विसरलो. मी खाली बसून त्याचं बक्कल सोडवलं. माझ्या जिवासाठी एवढं घाबरलेलं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याला जवळ घेतलं, आणि मग मलाच रडू आवरेना.