आधी खोड सांगायची

दासगावच्या एका बाईवर अन्याय झाला. मंगळवारी दुपारी साडेचार वाजता, महाडात, माझ्या खोलीच्या खिडकीशी. अन्याय करणारी मी.

हे आधी लिहिते, कारण महाडच्या एसटी स्टँडवर ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं वाटणारीही मीच. ‘दोष लपवून माल विकणाऱ्याला जाब विचारा’ हे वाक्य माझं आहे, ठळक अक्षरात छापलेलं. त्यावरून बाजारपेठेतल्या दोन दुकानदारांशी मी भांडलेही आहे.

माझी मावशी पोलादपूरला असते. घरोघरी कपाटात पडून राहिलेल्या साड्या, ड्रेस, शेरवान्या ती गोळा करते, धुते, आणि फोनवरच्या एका ग्रुपवर विकते. महाड, पोलादपूर, वीर, पार हिरकणीवाडीपर्यंतच्या बायका त्या ग्रुपवर आहेत. मावशीचं माहेर डोंगरावरच्या वाडीतलं, गुराढोरांचं. तिथली रीत अशी की म्हैस विकायला काढली की गिऱ्हाइकाला आधी तिची खोड सांगायची, दूध नंतर. लाथ मारते, दावं तोडते, नवीन माणसाला पान्हा सोडत नाही, जे असेल ते. तीच रीत मावशीने साड्यांना लावली. कपड्यात डाग, विरलेली जागा, उसवण काहीही असलं की ती त्याच्या शेजारी लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालते आणि ग्रुपवर पहिला फोटो त्या टाक्याचा टाकते. खाली लिहिते, ‘खोड:’ आणि मग काय असेल ते. साडीचा रंग, काठ, पदर सगळं त्यानंतर.

मला हे हास्यास्पद वाटायचं. ‘गिऱ्हाईक पळेल अशाने,’ मी म्हणायचे. ती म्हणायची, ‘पळालं तर दारातनंच पळेल. घरी जाऊन रडणार नाय.’

त्या महिन्यात मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोनकडे बघायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. ग्रुपचं काम तिने माझ्याकडे दिलं. लाल दोऱ्याचं रीळही दिलं.

मंगळवारी एक मोरपंखी साडी आली, एकदाच नेसलेली. उन्हात धरली तर आतल्या टोकाला वीतभर डाग. पुराच्या गाळाचा. महाडच्या माणसाला हा डाग समजावून सांगावा लागत नाही. धुतला की फिका होतो, इस्त्री फिरली की चहासारखा वर येतो. मी विचार केला, हे टोक कमरेत खोचलं जाणार, कोण बघतंय. घडी अशी घातली की डाग आत गेला. फोटो काढला, ‘सुंदर साडी, अगदी नव्यासारखी’ असं लिहिलं. पाच मिनिटांत दासगावच्या बाईंनी ‘मला हवी’ म्हणून कळवलं. संध्याकाळच्या एसटीने साडी त्यांच्याकडे गेली.

गुरुवारी त्यांचा निरोप आला, आवाजातच. साडी त्यांनी नेसायला घेतली नव्हती. मुलीला परकर-पोलकं शिवायला घेतली होती. शनिवारी शाळेचं संमेलन, पाहुण्यांचं स्वागत मुलगी करणार, सगळ्यात पुढे उभी राहून. आतल्या टोकाला नक्षी नाही म्हणून शिंप्याने पोलकं तिथूनच कापलं. शिवून झालं, इस्त्री फिरवली, आणि डाग बरोबर छातीवर आला. आवाज चढलेला नव्हता. ‘आमच्याकडे पण गाळ येतो, ताई. तुम्ही सांगितलं असतंत तरी मी घेतली असती साडी. तिथून कापली नसती एवढंच.’

मी काय उत्तर दिलं? ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिलं, ‘जुने कपडे आहेत. थोडंफार असणारच.’

हेच वाक्य मला एका दुकानदाराने ऐकवलं होतं. त्याच्यावर मी अख्खं पत्रक काढलं होतं.

मावशीला शेजारणीने ते वाचून दाखवलं. शुक्रवारी सकाळच्या गाडीने ती माझ्या दारात हजर. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, हातात पिशवी.

‘डाग दिसला होता ना गो तुला?’

‘दिसला होता. पण खोचायच्या टोकाला...’

‘तू नेसणार होतीस?’

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

‘म्हैस लाथ मारते सांगितलं, तर घेणारा बाजूला बसून पिळतो. नाय सांगितलं तर त्याचे दात जातात. पत्रकं वाटतेस ना स्टँडवर? एक मला पण दे. तुझ्यावरचं.’

रिक्षा करून आम्ही दासगावला गेलो. बाई शिंप्याच्या दुकानातच होत्या, शेजारी मुलगी. मावशीने नमस्कार केला आणि बसायच्या आधी बोलली, ‘साडी माझ्या नावावर विकली गेली. डाग लपवला, तो आमच्याकडनं. तुमचं कापड फुकट गेलं.’ पैसे तिने समोर ठेवले. ‘जुना कपडा हाय’, ‘पोरगी नवी हाय’, ‘माझे डोळे’, असलं एक अक्षर नाही. मी वाट बघत होते की ती माझ्याकडे बोट दाखवेल. नाही दाखवलं.

मग शिंप्याला विचारलं, ‘किती उरलंय?’

‘परकर झाला. पाठ, बाह्या ठीक आहेत. पुढचा भाग नवा काढायचा तर पदरच आहे.’

‘पदराचं मला ब्लाउज करायचं होतं,’ बाई म्हणाल्या. मुलीकडे बघून म्हणाल्या, ‘असू दे. कापा.’

शिंप्याने पदरावर कात्री चालवली. मावशीने डोळ्यांवरून चष्मा काढला आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही ते कापताना बघत राहिली. जे गेलं ते बघणं आपलं काम आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी इतक्या सभा ऐकल्या, इतके जाब विचारले, पण जबाबदारी घेणारं माणूस कसं दिसतं हे मी त्या दुकानात बघितलं.

‘आणखी काय केलं तर बरं वाटेल?’ मावशीने विचारलं.

बाई माझ्याकडे वळल्या. ‘ते ग्रुपवरचं उत्तर. थोडंफार असणारच म्हणालात, ते मागे घ्या. साडीपेक्षा ते लागलं.’

डागाचं कापड शिंप्याकडून मागून घेतलं. त्याच्या कडेला, तिथेच स्टुलावर बसून, मी लाल दोऱ्याचा टाका घातला. वाकडा आला. फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘खोड: हा डाग मला दिसला होता. मी लपवला. वर जे उत्तर दिलं ते चूक आहे.’ चार बायका ग्रुप सोडून गेल्या. मावशीने तो आकडा ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘जाऊ देत. त्यांचा हक्क हाय.’

शनिवारी बाईंनी मुलीचा फोटो पाठवला, मोरपंखी परकर-पोलकं, छातीवर पदराची जर. खाली एक अक्षर नाही. त्यांना ब्लाउज मिळालं नाही ते नाहीच.

तुम्ही हे वाचताय त्याच फोनवर तुमचीही एखादी साडी, एखादा ड्रेस विकायला लावलेला असेल. आत्ता उठा. तो कपडा उजेडात धरा, घडी मोडून, दोन्ही टोकांपर्यंत. जे दिसेल त्याच्या शेजारी लाल टाका घाला आणि पहिला फोटो त्याचा टाका. घेणारी कुठून कापणार आहे, ते तुम्हाला माहीत नाही.