आबांच्या ट्रकचा दुसरा बेल्ट

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. आबा, म्हणजे माझे मोठे दीर, जाऊन पाच आठवडे झाले. त्यांच्या आठवणींचं पुस्तक छापायचं ठरलंय, घरातल्या प्रत्येकानं एक पान लिहायचं. मी दिलेल्या पानावर ‘आबा फार कष्टाळू होते’ एवढंच आहे. ते खोटं नाही. बाकीचं या वहीत लिहिते. ही वही कपाटातच राहील.

बातमी आली तेव्हा मी सातपूरच्या खानावळीत पोळ्या लाटत होते. मिस्टरांचा फोन आला, ‘आबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि...’ मी फोन ठेवला आणि परातीतली कणीक संपेपर्यंत लाटत राहिले. रडू आलं नाही. आणायचा प्रयत्नही केला नाही.

आबांनी मिलिटरीच्या लिलावात एक जुना ट्रक घेतला होता. मागे क्रेन बसवून कसारा घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढायचा धंदा काढला. माझे मिस्टर त्यांच्या हाताखाली. त्या इंजिनाला पुढून दोन बेल्ट होते, एकाच पुलीवर शेजारी शेजारी. पंखा आणि पाण्याचा पंप त्यांच्यावर फिरायचा. रेडिएटर आणि पंखा यांच्यामधली जागा इतकी अरुंद, की गड्यांचा पंजा आत जात नसे. माझा जायचा. लग्न होऊन आले त्याच वर्षी आबांना हे कळलं, आणि त्यानंतर मला नाव उरलं नाही. अंगणातून हाक यायची, ‘हात पाठवा!’ मी पदर दातात धरून बोनेटखाली वाकायची. पंख्याच्या एकेका पात्यावरून बेल्ट ओढून घ्यायचा, खाचेत बसवायचा, अंगठ्यानं दाबून ताण बघायचा. बोटांची सालं निघायची. गिऱ्हाइकाला मात्र आबा सांगायचे, ‘गाडीचं समदं काम म्या सोता करतो.’

घाटात अडकलेल्या ड्रायव्हरला ते आधी चहा पाजायचे, मग दोर लावायचे. लोकांना तेच आठवतं. लोकांच्या बोटांची सालं निघाली नव्हती.

आमच्या घरात भावजयीनं मोठ्या दिराशी समोरून बोलायचं नाही. काही सांगायचं तर नवऱ्याच्या तोंडून. चार वर्षांपूर्वी एक बेल्ट तुटला. जोडीतले बेल्ट जोडीनंच बदलायचे, हे साध्या क्लीनरलाही ठाऊक असतं. जुना ताणून सैल झालेला असतो, मग सगळा भार एकट्या नव्यावर येतो. आबांनी माझ्या हातात एकच नवा बेल्ट दिला. मी मिस्टरांना म्हटलं, ‘दोन्ही टाका म्हणावं.’ आबा दोन हातांवर उभे होते, सगळं ऐकत होते. तरी ह्यांनी परत सांगितलं, ‘आबा, ही म्हणती दोन्ही टाका.’

‘तिला सांग, हात मागवलाय, तोंड नाय. जुना लय चालंल अजून.’

आठव्या दिवशी कांद्याचा भरलेला ट्रक ओढताना घाटात तो नवा बेल्ट तुटला आणि जुन्यालाही घेऊन गेला. पाणी फिरायचं थांबलं. स्टिअरिंगवर आबाच होते. त्यांनी गाडी तशीच रेटली आणि इंजिन जाम झालं. संध्याकाळी अंगणात शेजारीपाजारी जमले, तेव्हा आबा म्हणाले, ‘हिनं बेल्ट ढिला ठेवला. बाईच्या हाती काम दिलं, माझीच चूक.’ लोक हसले. मिस्टर जमिनीकडे बघत राहिले. माझ्याकडे उत्तर होतं, पण तोंड नव्हतं... दुरुस्तीचे छत्तीस हजार माझ्यावर पडले. खानावळीच्या पगारातून महिन्याला हजार, तीन वर्षं. मुलीच्या बाळंतपणाचा महिनासुद्धा सोडला नाही.

मागच्या आठवड्यात आबांच्या मुलानं, प्रकाशनं, ट्रक विकायला काढला. गिऱ्हाईक इंजिन चालू करून बघणार होतं आणि बेल्ट पार चिरलेले. नवी जोडी घेऊन तो दारात आला. ‘काकू, तुमचाच हात जातो.’

पाना घ्यायला मी सीटखालची पेटी उघडली. तळाशी, चिंध्यांखाली, एक बेल्ट होता. कोरा. त्याच्या कागदी पट्टीवर दुकानदारानं पेनानं ‘जोडी’ लिहिलेलं, खाली तारीख. चार वर्षांपूर्वी तो बेल्ट तुटला, त्याच आठवड्यातली. म्हणजे आबांनी तेव्हा दोन्ही आणले होते. एक मला दिला, दुसरा पुढच्या वेळेसाठी राखला. नंतर त्यांना तो आठवला नसेल, असं मी मानत नाही. ती पेटी रोज उघडायची.

मी पाना खाली ठेवला. ‘प्रकाश, माझे छत्तीस हजार परत दे.’ माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यानं पट्टी वाचली. मान वर न करता म्हणाला, ‘काकू, मेलेल्या माणसाचं आता कशाला काढता?’

‘जिवंत होते तोवर बोलायची चाल नव्हती.’

त्यानं पट्टी पेटीत टाकली आणि म्हणाला, ‘बरं, वीस आता घ्या. बाकीचे गाडी विकल्यावर.’

‘चालंल. एक बेल्ट आता टाकते. दुसरा गाडी विकल्यावर.’

बोनेट धरून उभे असलेले मिस्टर खोकल्यासारखं करून हसले. प्रकाश तोंड वाकडं करून बँकेत गेला.

तो कोरा बेल्ट मी घरात आणलाय, ओट्याजवळच्या खिळ्याला टांगलाय. त्याच्याकडे पाहिलं की ‘हात पाठवा’ ही हाक ऐकू येते आणि अजून राग येतो. येऊ दे. त्या दिवशी प्रकाश परत आल्यावर बोनेटवर नोटा मांडून मी दोनदा मोजल्या आणि मगच आत हात घातला. छत्तीस हजार. पूर्ण.