पाण्याला पाणीच म्हणायचं

कोल्हापुरात राहून ज्याला माझ्या थोरल्या साडूंनी एकदाही दुरुस्त केलं नाही, असा माणूस मला फार वर्षं भेटला नव्हता. मी स्वतः तर इतका दुरुस्त झालोय की मुळात कसा होतो ते माझ्या बायकोलाही आठवत नाही. साडू हे नातंच विचित्र. आपण त्यांना निवडलेलं नसतं, त्यांनी आपल्याला निवडलेलं नसतं, आणि दोन बहिणींचं गूळपीठ असलं की जन्मभर एकमेकांसमोर बसून चहा प्यावा लागतो. साडूंच्या मते आमच्यात थेट बंधच नाही. "तुमचा बंध तुमच्या बायकोशी, माझा माझ्या बायकोशी. आपण नुसतं एका रेणूत बसलोय, पावणं." हे त्यांनी मला माझ्या लग्नात, अंगावरच्या अक्षता झटकायच्या आत ऐकवलं होतं.

ते अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे आणि माझा मंगळवार पेठेत छापखाना. कॉलेज सुटलं की ते घरी जायच्या आधी माझ्याकडे येत, ते पार दिवेलागणीपर्यंत. नव्वद सालच्या सुमाराला आमच्याकडे खिळे जुळवायचे, पुढे कॉम्प्युटर आला, साडू मात्र तेच राहिले. त्यांच्या नोट्स मीच छापायचो. एच-टू-ओ मधला दोन हा माझ्या आयुष्यातला मोठा त्रास होता. "दोन खाली घ्या. अजून खाली. एवढा न्हाय ओ, पाण्यात बुडाला की त्यो!" दिवसभर मशीनच्या खडखडाटात उभं राहून पाय भरून आलेले असायचे आणि त्यात हा दोन. सांगतो, मी दमून जायचो.

संयुगांना नावं ठेवणं हा त्यांचा जीव की प्राण. या धड्याला ते 'बारसं' म्हणत. धातू आधी, अधातू मागनं, आणि कोण किती ते मोजून सांगायचं. एक असेल तर मोनो, दोनाला डाय, तीनाला ट्राय. हा नियम ते मिसळीलाही लावत. एकदा माझ्यासमोर त्यांनी "एक मिसळ, ट्राय-पाव" अशी ऑर्डर दिली. वेटर दुखावला. "ट्राय काय करायचं त्यात सर? बेस हाय की आमचा पाव!" असं म्हणून त्यानं एकच पाव आणून ठेवला. दुसऱ्या वेळी मी जेवायला गेलो असताना त्यांनी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ परस्पर दुरुस्त केलं आणि वधूचं नाव वराच्या आधी नेलं. पत्रिका तशीच छापली गेली आणि वराकडची मंडळी छापखान्यात येऊन माझ्यावर तुटून पडली. साडू शांतपणे त्यांना म्हणाले, "पोरगी सोनं घालून येती का न्हाय? मग धातू कोण?" ते गिऱ्हाईक पुन्हा माझ्या दारात आलं नाही.

नियमातून त्यांनी फक्त पाणी आणि अमोनिया यांना वगळलं होतं. एका हुशार पोरानं पेपरात पाण्याचं नाव नियमाप्रमाणे डायहायड्रोजन मोनॉक्साईड असं लिहिलं, तर साडूंनी त्याला मार्क दिले आणि वर समजही दिली. "नाव बरोबर हाय तुझं. पण पाण्याला पाणीच म्हणायचं. घरच्या माणसांना नियम लावायचा नसतो."

आणखी एक प्रश्न ते भेटेल त्याला विचारायचे. बंध तोडला की ऊर्जा मिळते का? सगळे हो म्हणायचे. माझी बायको हो म्हणाली, जयसिंगपूरच्या गाडीचा कंडक्टर हो म्हणाला, मी तर दरवेळी हो म्हणायचो. मग ते कपाळाला हात लावत. "जुळताना ऊर्जा सुटती ओ. तोडायला पदरची घालावी लागती."

आणि या माणसानं पोटच्या पोरीशी बोलणं तोडलं. गिरिजानं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, जयसिंगपूरच्या एका जैन घरातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला, ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. आम्ही लिंगायत, ते जैन. दोन्ही घरांत फरक काय तो कांद्या-लसणाचा. पण साडूंना जात अडत होती, आणि तसं कबूल करायचीही लाज वाटत होती. म्हणून त्यांनी वेगळंच कारण काढलं. मुलगा त्यांचाच विद्यार्थी होता. "सोडियम क्लोराईडला क्लोरीन सोडाईड लिवलंतं त्यानं. मिठाचं नाव येत न्हाय, त्याच्या घरात पोरगी द्यायची?" लोक हसायचे. माझी मेव्हणी मात्र आत जाऊन रडायची, आणि मला साडूंचा भयंकर राग यायचा.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस छापखान्यात गिरिजाचा फोन आला. मुलगी झाली होती, रविवारी बारसं होतं. "काका, अप्पांना एक नाव सुचवायला सांगा. आले नाहीत तरी चालंल. तेवढंच मागायला लागलोय म्हणावं."

मी सांगितलं. साडू हातातल्या प्रुफातून मान वर न काढता म्हणाले, "नाव ठेवायचा मान आत्याचा असतोय." त्या प्रुफात दोन वरच राहिला होता. तो त्यांना दिसला नाही.

रविवारी सकाळी मी शटर अर्धं उघडलं होतं तेवढ्यात ते आले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा मात्र आठवडाभर झोप नसल्यासारखा.

"जयसिंगपूरला गाडी हाय का आता?"

ते पायरीवर बसले.

"दमलो ओ पावणं. तोडायला ताकद लागती, हे पोरांना सांगत आलो. पण तोडून ठेवायला रोज लागती. ते पुस्तकात न्हाय."

आम्ही शटर ओढलं, दोघी बहिणींना घेतलं आणि गाडी धरली. तिथं पाळणा सजला होता. जावई पुन्हा अकरावीत गेल्यासारखा हात बांधून उभा. "सर, नाव काय आणलंय?" साडूंनी घसा खाकरला. मला धडकी भरली, आता मोनो की डाय?

"घरात काय म्हणतायसा हिला?"

"चिंगी," गिरिजा म्हणाली.

"मग चिंगीच. पाण्याला पाणीच म्हणायचं."

आत्याबाई गोंधळल्या, पण वाकून बाळाच्या कानात तेच म्हणाल्या. पुढे शाळेसाठी तिला चांगलंसं नाव ठेवलं म्हणे. मला ते आठवत नाही.

साडू आता रिटायर झालेत. सुट्टीत चिंगीचं बोट धरून छापखान्यात येतात. ती त्यांना अज्जाऐवजी 'दज्जा' म्हणते आणि ते "ओ" देतात. त्यांनी कधीच दुरुस्त न केलेला माणूस मला अखेर भेटला, तो हा एवढासा. त्यांच्या बोलण्यातला दमदारपणा मात्र गेलाय. बसताना गुडघ्यांवर हात ठेवून हळूच बसतात. परवा मी मुद्दाम एच-टू-ओ मधला दोन वर ठेवून प्रूफ त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी पाहिलं, "बरं हाय की," म्हणाले आणि चिंगीला पाणी पाजायला माठाकडं गेले.

मला फार वाईट वाटलं. मग मीच तो दोन खाली बसवला.