रॉकेलचा आळ

अन्याय झाला तो माझ्या चुलत्यांवर, दोन हजार तीनच्या पावसाळ्यात, बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्या पेट्रोल पंपानं त्यांच्या व्हॅनमध्ये पाणी घातलं, त्याच पंपाच्या मालकानं चारचौघांत त्यांना रॉकेल मिसळणारा ठरवलं. एवढं आधी नोंदवतो. बाकीचं सावकाश.

काकांना मिसळायची सवय जुनी. नव्वदीच्या काळात पेट्रोल दोन प्रकारचं मिळायचं, सत्त्याऐंशी ऑक्टेनचं साधं आणि त्र्याण्णवचं भारी. चढाला इंजिन खडखडलं नाही की ऑक्टेन बरोबर, एवढीच काकांची व्याख्या. भाडी मारायची आपली व्हॅन घेऊन शिवाजी पेठेतून निघायचं, एका पंपावर साधं भरायचं, दुसऱ्यावर थोडं भारी, मग रंकाळा तलावाला एक चक्कर. कशाला? तर नीट मिसळावं म्हणून. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं ओरडायची, "आला बघा कंपाउंडर! काका, आज डोस केवढा?"

"तुमच्या गाड्या वाघबीळचा घाट चढताना खोकत्यात रं. माझी गात जाती."

खरं सांगायचं तर त्यानं गाडीला फारसा फायदा नव्हता. तोटाही नव्हता. दोन ऑक्टेन एकत्र केले की मधलं काहीतरी मिळतं, बास.

दोन हजार तीनमध्ये आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली. कारखान्याच्या मळीपासूनचं, म्हणजे आपल्याच उसाचं, लोक खूश. पण इथेनॉलला पाण्याची ओढ फार. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपलं, की ते पेट्रोल सोडून पाण्याला जाऊन मिळतं आणि दोघं तळाशी बसतात. पंप ओढतो तळाजवळूनच. पावसाळ्याआधी टाकी तपासायची, ही जबाबदारी पंपवाल्याची. गिऱ्हाइकाला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.

पेठेतले एक कापडाचे व्यापारी दर आठवड्याला काकांच्या व्हॅननं मलकापूरला जायचे. लिंगायत घर, मूळ कानडी सीमेकडचं. काकांचं घर चालायचं ते या कायमच्या भाड्यावर. त्या सकाळी काकांनी नेहमीसारखं दोन पंपांवर भरलं, चक्कर मारली, आणि मलकापूरच्या अलीकडं गाडी आचके देत बंद पडली. व्यापारी कापडाचे गठ्ठे घेऊन पावसात उभे. शेवटी ट्रकला दोर बांधून व्हॅन माघारी आणली ती, ज्या पंपावर जास्त भरलं होतं थेट त्या पंपावर, व्यापाऱ्यांसकट.

मालक खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "पावणं, तुम्ही मिसळता हे सगळ्या पेठेला म्हाईत हाय. त्यात रॉकेल कवा वतलं, आमाला काय ठावं?"

रांगेतले हसले. काका दोर सोडायला वाकले. व्यापाऱ्यांनी गठ्ठे उतरवून घेतले. पुढच्या आठवड्याला त्यांनी दुसरी व्हॅन सांगितली.

मी तेव्हा ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं काढून वाटत असे. नमुना घ्यायला काचेची बाटली घेऊन पंपावर गेलो. मालकानं अडवलं.

"बाटलीत द्यायला बंदी हाय. पत्रकं वाटतोस, नियम वाचत न्हाईस व्हय?"

नियम तसा होता. मग मी घरी जाऊन स्कूटरची टाकी पूर्ण रिकामी केली, पुसली, वाळवली आणि स्कूटर ढकलत पंपावर आणली. थेंब दुसरा नाही, जे काही ते त्याच पंपाचं. भरलं, किका मारल्या. सुरू होईना. स्कूटर सुरू झाली नाही म्हणून आनंद होण्याची ती माझी पहिलीच वेळ. तिथंच सगळ्यांदेखत स्कूटरची नळी काढून बाटली भरली आणि कठड्यावर ठेवली. थोड्या वेळात मध्ये रेघ दिसली. वर पेट्रोल, खाली पाणचट थर.

मालकाचा आवाज खाली आला. "आत बसून बोलूया की." मी बाहेरच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पंपावर 'पेट्रोल नाही'ची पाटी लागली आणि टाकी उपसली गेली. काकांची मात्र कुणी माफी मागितली नाही.

बाटली घेऊन मी व्यापाऱ्यांकडं गेलो. त्यांनी ती उजेडाकडं धरून बघितली. मला ते कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. "खरं असंल तम्मा तुझं. पण गाडी माझी थांबली की. आणि ते मिसळत्यात, हे बी खरंच की."

भाडं परत आलं नाही. काकांनी मिसळणं सोडलं. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, कारण पेठेनं त्याचा अर्थ कबुली असा घेतला. कट्ट्यावर 'कंपाउंडर' बंद झालं. "काका, रॉकेल मिळालं का?" सुरू झालं.

तुम्ही हे वाचताय. पावसाळ्यात पंपावर गेलात की लगेच नळी गाडीत घालू देऊ नका. इथेनॉल किती आहे ते विचारा. मोजायच्या गजाला पाणी ओळखायची पेस्ट लावून तो तुमच्यासमोर टाकीत घालायला लावा. मागची रांग ओरडेल, ओरडू दे. आणि पेठेतले असाल, 'रॉकेल' हा शब्द तुमच्याही तोंडून गेला असेल, तर काका अजून संध्याकाळी दारातच बसलेले असतात. जा, आणि तो शब्द त्यांच्या तोंडावर माघारी घ्या.