मेलेल्याचा अंगठा

बाईंच्या हॉलमध्ये सहा जणी बसल्या होत्या. वसईतल्या त्यांच्या फ्लॅटवर दर गुरुवारी बायकांचं वाचनमंडळ भरतं. मी तिथे स्वयंपाकाला आहे. चहा देत होते. बाई एका जुन्या, जाड कादंबरीतलं वाचून दाखवत होत्या. जमीनदार मेलाय, आणि त्याचा कारकून शाईचं पॅड घेऊन प्रेताला विचारतोय, मालक, जरा अंगठा देता का.

मला हसू फुटलं. मोठ्यानं.

वाचन थांबलं. "हसतेस काय? माणूस मेलाय त्यात," बाई म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी बसलेली म्हणाली, "जाऊ दे गं, चौथी पास ती. अंगठा म्हटल्यावर ओळखीचं वाटलं असेल."

सगळ्या हसल्या. खूप वेळ.

मी आत गेले. चपात्या करपल्या. त्यांचं बोलणं लागलं, पण माझं हसणं जास्त लागलं. कारण हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. वसईजवळच्या उमेळे गावात आमच्या केळीच्या वाडीवर इमारत व्हायची होती. कागदावर अंगठा न देताच सासरे गेले, आणि अंघोळ घालायच्या आधी चुलत सासऱ्यांनी तो कागद पुढे केला. "घ्या लवकर, हात अजून ऊन हाय." नंतर सासूबाई लिंबानं तो अंगठा घासत बसल्या. निळा डाग गेला नाही. तेव्हा मी रडले होते. मग आता हसले कशी?

त्या दिवसापासून बाई दुपारी झोपल्या की मी ते पुस्तक काढायची. ओट्याजवळ, उभ्यानं. एकेक वाक्य अर्धं पान. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. परत मागे. आधी लेखकाचा राग आला. मयताची थट्टा करतो मेला. पुढे अंगठा उमटल्यावर कारकून प्रेताचे आभार मानतो, आणि मुलगे म्हणतात, वडील शेवटपर्यंत व्यवहाराला चोख होते. त्या पानावर थांबले. हा लेखक मेलेल्याला हसत नव्हता. जिवंतांना हसत होता. आमच्या घरात जे मी कुणाला बोलू शकले नाही, ते यानं बोलून टाकलं होतं. माझं हसणं बरोबर होतं.

परवा बाईंनी पकडलं. रागावल्या असत्या तर बरं.

"अय्या, तू हे वाचतेस? हळद लावू नकोस हं पानांना. गुरुवारी मंडळात सांग, काय कळलं ते. मजा येईल सगळ्यांना."

मी पुस्तक मिटलं. बाईंना मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

"खुर्ची दिली तर सांगेन."

"म्हणजे?"

"उभी राहून नाही सांगणार. तुमच्यात बसून सांगेन."

बाई हसल्या. मी हसत नाही हे बघून थांबल्या. "खुर्च्या मोजक्याच आहेत गं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आज बुधवार. वाचनालयात नाव घालून आले. उरलेली पानं घरी वाचेन. उद्या खुर्ची नसेल तर चहा देईन, आणि एक शब्द बोलणार नाही. काम गेलं तर दुसरं घर बघेन. पण मला जे कळलं ते कुणाच्या करमणुकीला देणार नाही.