बहात्तर स्प्रिंगा

आमच्या मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिन होतं. ट्रॅम्पोलिन म्हटलं की लोकांना वाढदिवस आठवतो, फुगे आठवतात. आमच्याकडे ते औषध म्हणून आलं होतं. आमची लेक बोलत नाही, लहानपणापासूनच. रोज तासभर उड्या मारल्या की तिचं अंग शांत होतं, मग ती जेवते, झोपते. उड्या चुकल्या की स्वतःचं मनगट चावते, रक्त येईपर्यंत. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मारू द्या उड्या." म्हणून ते आणलं, आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. घरातली बाकीची कामंही अशीच न विचारता येतात.

काम ठरलेलं होतं. मृगाच्या आधी सगळ्या स्प्रिंगा काढायच्या, पुसायच्या, तेलाचा हात फिरवायचा आणि पुन्हा लावायच्या. पावसाळाभर ताडपत्री. दसऱ्याला पुन्हा तेच, शिवाय नटबोल्ट आवळायचे. उन्हाळ्यात धूळ धुवायची, आणि दुपारी ते काळं कापड तव्यासारखं तापतं म्हणून ऊन उतरेपर्यंत तिला घरात कोंडून ठेवायचं. स्प्रिंगा बहात्तर. एका बाजूची लावली की बरोबर समोरची लावायची, नाहीतर कापड एकीकडं ओढलं जातं आणि शेवटच्या दहा काही केल्या लागत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी हाताची सालटं निघाली तेव्हा कळलं.

काढलेल्या स्प्रिंगा मी मागच्या ओसरीत बसून पुसायचे. लेक शेजारी बसायची. पुसलेली स्प्रिंग हातात दिली की ती जिभेला लावायची आणि जुन्या पेपरवर रांगेत मांडायची. ती सगळंच असं चाखून बघते. किल्ल्या, पेनाची टोपणं, माझ्या बांगड्या. बहात्तरची रांग सरळ लागली की टाळ्या वाजवायची. मग मी तेल लावायला घ्यायचे. वर्षातल्या त्या दोन दुपारी आम्ही दोघी मिळून एक काम करायचो.

मग पावसानं पाठ फिरवली, दोन वर्षं लागोपाठ. शहराच्या कडेला, बीड बायपासजवळच्या आमच्या सातारा परिसरात नळ नव्हताच, सगळा कारभार बोअरवर. बोअरचं पाणी खाली खाली गेलं आणि उरलं ते खारट झालं. प्यायला टँकर आणायचा आणि तोही फिल्टरमधून काढायचा, कारण तो कुठून भरून येतो हे टँकरवाल्यालाच माहीत. नेमक्या त्याच दोन वर्षांत आमच्या मागच्या मोकळ्या रानात इमारती उठल्या. एवढ्या माणसांना पाणी कुठून येणार, हा विचार बांधणाऱ्यांनी केला नव्हता आणि घेणाऱ्यांनीही केला नव्हता. आमच्या अंगणावर आता बारा गॅलऱ्या झाल्या.

एकदा मी पाइप लावून कापड धूत होते. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "ओ ताई, हितं प्यायला पाणी नाय, अन् तुम्ही खेळणं धुताय व्हय?"

मी पाइप बंद केला. बाई काही खोटं बोलल्या नव्हत्या. 'खेळणं' हा शब्द लागला, पण तोही संध्याकाळपर्यंतच. त्या वर्षांत मला फारसं काही लागत नव्हतं. टँकरची वाट बघायची, तिला भरवायचं, मनगटाची पट्टी बदलायची. दाढ काढताना गाल बधिर होतो, तशी मी सगळीच बधिर झाले होते. सणाला कुणी भेटायला आलं तर चहा करताना हसायची आठवण ठेवावी लागायची.

मग मी एक काटकसर शोधून काढली. फिल्टर एक भांडं चांगलं पाणी देताना दोन भांडी पाणी नळीतून बाहेर टाकतो. ते फेकपाणी मी बादलीत साठवायला लागले. त्यानंच कापड धुवायचं, त्यानंच स्प्रिंगा पुसायच्या. तेल लावणंही सोडलं, कारण तेलावर धूळ बसते आणि धूळ काढायला पुन्हा पाणी लागतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डोकं चालतं बुवा तुझं." कुणी बोट दाखवायला जागा उरली नाही, याचं मला बरं वाटलं.

त्या दसऱ्याला लेकीनं पहिली स्प्रिंग जिभेला लावली, तोंड वाकडं केलं आणि फेकून दिली. दुसरीही फेकली. मी उचलून रांगेत ठेवली, तिनं पुन्हा फेकली. पाचव्यांदा मी तिच्या हातावर चापट मारली, चांगली जोरात. तिनं मनगट तोंडात घातलं. मी तिला आत नेलं, टीव्ही लावून दिला आणि स्प्रिंगा एकटीनं लावल्या. पुढच्या मृगाआधीही तेच झालं. चापट, मनगट, टीव्ही. त्यानंतर ती ओसरीत यायचीच थांबली. मला वाटलं, चला, काम लवकर उरकतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती उड्या मारत असताना तीन स्प्रिंगा एकदम तुटल्या. ती कडेच्या लोखंडी पाइपवर आदळली, कोपर सोलवटलं. वर चार दिवस उड्या बंद. दुष्काळात तेरावा महिना. चौथ्या दिवशी दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या.

बीड बायपासवर फॅब्रिकेशनचं दुकान असलेले एक म्हातारे मिस्त्री होते, मूळचे देवगाव रंगारीचे. त्यांना घरी आणलं. त्यांनी एक स्प्रिंग काढून उलटसुलट करून बघितली.

"ताई, दोन साल झालं पाऊस नाय. अन् हिला एवढा गंज कुठून आला?"

मी म्हणाले, माहीत नाही.

त्यांनी स्प्रिंगवर बोट घासलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं. बाजूला थुंकले.

"लई खारट हाय. कशानं धुता?"

मी फिल्टरच्या नळीखालची बादली दाखवली.

"अवो, फिल्टरनं काढलेला सगळा खार ह्यातच हाय. गोड्या पाण्यानं धुवा, कोरडी करा, तेल लावा. नायतर नव्याबी सालभर टिकायच्या नाय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. तेच वाकडं तोंड मी माझ्या लेकीचं बघितलं होतं, दोनदा. तिला जसं सांगता येतं तसं तिनं सांगितलं होतं. मला लाज वाटली. फार लाज वाटली. रडू मात्र आलं नाही.

मिस्त्रींनी खराब झालेल्या वीस-बावीस बदलायला नेल्या, बाकीच्या धुवून ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी मी फिल्टरच्या चांगल्या पाण्याची बादली भरली आणि बारा गॅलऱ्यांसमोरून ओसरीत आणून ठेवली.

"ताई, प्यायचं पाणी हाय का ते?" दुसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली.

"हो, प्यायचंच आहे," मी वर बघून म्हणाले. बाई आत गेल्या.

लेक दारात उभी होती. मी एक स्प्रिंग धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि तिच्यापुढं धरली. तिनं आधी माझ्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडं बघितलं. मी तो हात मांडीखाली घेतला. मग ती आली, बसली, स्प्रिंग जिभेला लावली, थांबली आणि पेपरवर ठेवली.

मी दुसरी धुवायला घेतली.