खोकला : होय

फोन आला तेव्हा मी दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात धूत होते. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातली मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आहे." नाकाघशातून काडीने घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडतो का, ते सांगणारी ही तपासणी. तीन दिवस ताप होता, अंग ठणकत होतं, वरणाच्या फोडणीचा वास येत नव्हता. तरी मला वाटत होतं, आपल्याला नाही होणार. इतकी काळजी कोण घेतं?

तिने विचारलं, "गेल्या दहा दिवसांत कुठे गेलात? कोणाच्या जवळच्या संपर्कात आलात?"

मी पटकन म्हणाले, "कुठेच नाही. फक्त सर्व्हे, आणि सलीमभाईचं किराणा दुकान."

या दोन वाक्यांसाठीच मी हे सगळं लिहिते आहे. उद्या कोणी तुम्हाला हाच प्रश्न विचारला, तर निदान तुम्ही तरी नीट उत्तर द्यावं.

मी घाटंजीत शिक्षिका. घरी यजमान आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. शाळा बंद झाली, आणि आम्हा शिक्षकांना घरोघरी सर्व्हेला लावलं. तापमान बघायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, ताप-खोकला-दम विचारून रकाने भरायचे. रोज इतक्या दारांत उभी राहायचे की घरी आल्यावर प्रत्येक वस्तूचा संशय यायचा. भाजी सोड्याच्या पाण्यात. किराणा दोन दिवस ओसरीतच पडलेला. बाजाराच्या दिवशी पूर्वी मी तासभर रमायचे, वांगं हातात घेऊन देठ बघायचे. आता भाजीवाल्याच्या हाताकडे बघायचे, मास्क नाकाखाली आला आहे का ते बघायचे. नोटांवरून इस्त्री फिरवायचे. सासूबाई म्हणायच्या, "एक दिवस माझ्यावरूनही फिरवशील तू."

सलीमभाईचं दुकान आमच्याच गल्लीत. त्याआधी अठरा वर्षं ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात कामाला होते. बोंडअळीने कापूस गेला, भाव गेला, त्या वाईट वर्षांत कारखाना बंद पडला आणि त्यांनी किराणा दुकान टाकलं. त्यांना खोकला होता. कोरडा, लांब, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. गल्लीला तो इतका सवयीचा की दुकान उघडलं हे खोकल्यावरून कळायचं.

मग साथ आली आणि तोच खोकला मला वेगळा ऐकू यायला लागला. त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होतं, कोणाच्या दुकानातून काय घेऊ नका म्हणून, ते तुम्हालाही आठवत असेल. मी ते पुढे पाठवलं नाही. पण वाचलं. पुसून टाकलं नाही.

सर्व्हेत त्यांच्या दारी गेले तेव्हा ताप नव्हता, ऑक्सिजन पंच्याण्णव. ते म्हणाले, "बाई, हा जुना खोकला हाय. जिनिंगातल्या रुईचा. तुमाले तं माहीत हाय."

मला माहीत होतं. तरी मी 'खोकला : होय' लिहिलं आणि शेऱ्यात 'संशयित'. 'जुना' हा शब्द लिहायला जागा होती. मी लिहिला नाही. त्यांना तपासणीला नेलं, सहा दिवस एका वसतिगृहात ठेवलं, दुकान बंद. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण गिऱ्हाईक पूर्वीसारखं परतलं नाही. समोरच्या बायका लांबच्या वाण्याकडे जाऊ लागल्या. मीही, अगदीच अडलं तर तेवढी त्यांच्याकडे.

आणि माझा रिपोर्ट आल्यावर मी पुन्हा त्यांचंच नाव घेतलं. दुकान पुन्हा बंद. आमच्या घरासमोर वाट अडवायला लाकडी बल्ल्या ठोकल्या आणि मला रुग्णवाहिकेतून यवतमाळला नेलं.

तिथे आधी एचआरसीटी झाली. यात छातीचे बारीक बारीक कापांसारखे फोटो निघतात आणि फुफ्फुस किती बिघडलं त्याचा आकडा देतात. माझा पंचवीसपैकी अकरा. ऑक्सिजन एक्याण्णव. वॉर्डातल्या डॉक्टर जेमतेम तिशीच्या असतील. पांढऱ्या पोशाखात फक्त डोळे दिसायचे. त्या म्हणाल्या, "घाबरू नका. पालथं झोपायचं." त्याला प्रोनिंग म्हणतात. पोटावर झोपलं की फुफ्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो आणि श्वास नीट पोचतो.

मी पालथी झोपायचे आणि एका डोळ्याने सगळ्यांवर नजर ठेवायचे. इंजेक्शन देऊन मारतात, असं गावात बोललं जायचं. मी शिकलेली बाई, मुलांना विज्ञान शिकवणारी. तरी सलाईनचं सील माझ्यासमोर फोडा म्हणून हट्ट धरला. नर्सने वाद घातला नाही. प्रत्येक वेळी बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरायची, तारीख वाचून दाखवायची आणि मग लावायची. दिवसाला कितीतरी पेशंट होते तिला. मी तिचे हातमोजेही मोजत होते, बदलले की नाही ते.

चौथ्या दिवशी कळंबहून माझ्या धाकट्या बहिणीचा, सुलभाचा फोन आला. ती रडत होती.

"ताई, अण्णांना दम लागून राहिला गं. इथले डॉक्टर म्हणतात न्यूमोनिया. तुझं ऐकल्यापासून मला भीती वाटून राहिली."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. आणि मी कळंबला गेले होते. ताप येण्याच्या पाच दिवस आधी, तिच्या मुलीच्या साखरपुड्याला. घरातल्या घरात, वीस-बावीस माणसं, मास्क गळ्यात लटकलेले. अण्णांच्या शेजारी बसून मी जेवले होते. आम्हा सर्व्हेवाल्यांना मुख्यालय सोडायची परवानगी नव्हती. कळलं असतं तर नोटीस आली असती. म्हणून यजमानांनाही सांगून ठेवलं होतं, कुठे बोलू नका. सुलभालाही तेच बजावलं होतं, आणि तिने ते पाळलं होतं.

चार दिवस मी वॉर्डातल्या प्रत्येक माणसावर संशय घेत होते. स्वतःवर सोडून.

डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा मी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. त्यांनी तो परत लावला. मी मास्कमधूनच सांगितलं. त्यांनी माझा केसपेपर पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सर्व्हे करता ना हो?"

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी तिथूनच कळंबला फोन लावला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे नमुने गेले. सहा जण पॉझिटिव्ह निघाले. अण्णांना यवतमाळलाच आणलं, माझ्या खालच्या मजल्यावर. बारा दिवस ते ऑक्सिजनवर होते. मी डॉक्टरांना विचारलं, चार दिवस आधी सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "इतका त्रास झाला नसता कदाचित. नक्की सांगता येत नाही." अण्णा वाचले. आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. सुलभा माझ्याशी बोलते, पण साखरपुड्याचे फोटो तिने मला अजून पाठवलेले नाहीत.

त्या दिवसांत घरी काय चाललं होतं, ते सासूबाईंच्या फोनवरून कळलं. दोन दुकानांनी आमच्या गल्लीत माल पाठवायला नकार दिला होता. "सलीमचा दुसराही रिपोर्ट चांगला आला बरं. त्यानंच पीठ अन् गूळ आणून ठेवला बल्लीपाशी," त्या म्हणाल्या. "मी खिडकीतून म्हटलं, जेवून जा रे. तं हसला."

घरी आल्यावर सतरा दिवस बाहेर पडले नाही. अठराव्या दिवशी दुकानात गेले. रस्त्यावर आखलेल्या गोलांत चार-पाच बायका उभ्या होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सलीमभाई, मला आजार कळंबहून आला. तुमच्या दुकानातून नाही. तुमचं नाव मी चुकीचं सांगितलं. दोन्ही वेळा."

ते साखर तोलत होते. तोलून झाल्यावर पुडी बांधली, मग वर बघितलं.

"मले कायले सांगता बाई? मले तं माहीतच होतं. जिथं लिवून देल्लं, तिथं सांगा."

"आणि माल का दिला आमच्या घरी?"

"तुमाले कुठं देल्ला? आजीले देल्ला."

दुसऱ्या दिवशी मी आरोग्य कार्यालयात लेखी दिलं. साखरपुड्याचंही लिहिलं. नोटीस आली, मी उत्तर दिलं, सेवापुस्तकात नोंद झाली. ती राहू दे.

मी बरी झाले, याचं श्रेय त्या डॉक्टरांना आणि सील फोडून दाखवणाऱ्या नर्सला. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. रस्त्यात भेटली तर ओळखणार नाही, हे मनाला लागतं.

दोन महिन्यांनी यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं. जाताना मी सलीमभाईंना म्हटलं, चला सोबत, तुमचा खोकला दाखवू. त्यांनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा दुकान मुलीवर सोपवून आले. मी बसने, ते त्यांच्या गाडीने. वेटिंग रूममध्ये आम्ही एक खुर्ची सोडून बसलो. त्यांचा एक्स-रे झाला, मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायला लावून फुफ्फुसाची ताकद मोजतात ती तपासणी. डॉक्टर म्हणाले, "बिसिनोसिस असावा. वर्षानुवर्षं कापसाची धूळ श्वासात गेली की होतो. पूर्ण जाणार नाही, पण पंपाने आराम पडेल. इतकी वर्षं कोणाला दाखवलं नाही?"

सलीमभाईंनी मास्क नाकावर ओढला.

"खोकला नक्की कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सलीमभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले होते. हसत होते की नाही, मला कळलं नाही.

"या बाईले विचारा साहेब. माह्या खोकल्याचं सगळं याहीनंच लिवलं हाय."

मी सांगायला लागले. यावेळी सगळं, पहिल्यापासून.